शर्यत कुणाची, रस्ता कुणाचा?

शनिवारची मध्यरात्र उलटली की मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर, नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर आणि आता तर तालुक्याच्या गावाबाहेरून गेलेल्या नव्या बायपासवरही मोटारसायकलींचे आवाज सुरू होतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. कुणीतरी मित्र पुढे उभा राहून हातातला रुमाल खाली करतो आणि पंधरा-वीस सेकंदांत निकाल लागतो. पैज कधी शंभराची, कधी हजाराची, तर कधी नुसत्या बढाईची. मग एखाद्या सकाळी दुभाजकावर आपटून गेलेल्या पोराची चार ओळींची बातमी येते. त्या बातमीत 'टवाळखोर' आणि 'हुल्लडबाज' हे दोन शब्द ठरलेले असतात. या मुलांत आमच्या वस्त्यांतली मुले असतात हे आम्ही नाकारत नाही. हप्त्यावर घेतलेली गाडी, रात्रपाळीनंतरचे दोन तास आणि चार मित्र एवढेच त्यांचे भांडवल असते.

या मुलांविषयी समाजात दोनच सूर ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, बाबासाहेबांनी शिकायला सांगितले आणि तुम्ही गाड्या उडवता. दुसरी मंडळी म्हणतात, पोरांचे वय आहे, उडवू द्या. आम्हाला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. पहिल्यात वेगाचा, साहसाचा, हौसेचा आनंद आमच्या मुलांसाठी नाहीच असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्यात त्या मुलाच्या जिवाची किंमत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवलेले आहे. दुचाकीवर कोण असतो? मोटारीत बसण्याची ऐपत नसलेला माणूस असतो. तेव्हा हा प्रश्न पोरांच्या वळणाचा म्हणून घरातच मिटवता येणार नाही.

आणि वेग सगळ्यांचा सारखा मोजला जात नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला परदेशी बनावटीच्या महागड्या मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही गेले. मोटार चालवणारा अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि अटीत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोक रस्त्यावर आले तेव्हा तो आदेश फिरला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. आम्ही विचारतो, झोपडपट्टीतला सतरा वर्षांचा पोरगा मित्राची गाडी घेऊन असा कुणाला उडवता, तर त्याच्या हाती निबंधाचा कागद आला असता काय? त्याच्या बापाला चौकीत कुठल्या बाकावर बसवले असते?

कायदा मात्र कागदावर सगळ्यांसाठी एकच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडले गेल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजारांचा दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, म्हणजे रिक्षा, टेम्पो, टॅक्सी, डिलिव्हरी हे सगळे पोट भरण्याचे मार्ग ऐन उमेदीत बंद. श्रीमंताच्या मुलाकडे ड्रायव्हर असतो, त्याचे यात काही अडत नाही. आमच्या आयाबहिणींनी हे कलम नीट समजून घेतले पाहिजे आणि गाडीची किल्ली खिळ्यावर टांगण्याआधी घरात एकदा बोलले पाहिजे.

आता ही शर्यत मुळात आहे तरी काय ते पाहू. रुमाल टाकून पोरे जे करतात त्याला जगात ड्रॅग रेसिंग म्हणतात. सरळ रस्ता, दोन गाड्या, थांबलेल्या अवस्थेतून सुटायचे आणि पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कमीत कमी वेळात कापायचे. वळण नाही, ओव्हरटेक नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हा खेळ असाच हमरस्त्यांवर आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या पात्रात चालायचा. सैन्यात इंजिने खोलायला शिकलेली पोरे परत आली होती, जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या. पोरे मरू लागली, पोलीस मागे लागले. तेव्हा काही जाणत्यांनी नुसती बंदी मागितली नाही, जागा मागितली. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. हेल्मेट, गाडीची तपासणी, रुग्णवाहिका, आग विझवण्याची सोय, प्रेक्षक आणि पट्टी यांच्यात अंतर, असे सगळे नियम आले. पिवळे दिवे, मग हिरवा, आणि हिरव्याच्या आधी सुटलात तर लाल लागून तुम्ही बाद. रुमालवाल्या मित्राच्या जागी यंत्र आले.

या खेळातली एक गोष्ट आमच्या पोरांना कुणी सांगत नाही. शर्यत ४०२ मीटरची असली तरी रीतसर पट्टीवर थांबण्यासाठी तिच्याहून जास्त लांबीचा मोकळा रस्ता ठेवलेला असतो. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काही आले हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ते २८ मीटर संपलेले असतात, ब्रेक लागणे पुढचेच. पाम बीच रोडवर थांबायला जागा कुठे आहे? तिथे पुढे सिग्नल आहे, सिग्नलवर सकाळच्या पाळीला निघालेली सफाई कामगार बाई आहे. जून २००८ मध्ये न्यू जर्सीत सर्वात वेगवान वर्गांपैकी एका वर्गातला एक नामांकित चालक पट्टीच्या टोकाला मरण पावला, तेव्हा पॅराशूट लावून थांबणाऱ्या त्या वर्गाच्या गाड्यांसाठी संघटनेने अंतरच कमी करून ३०५ मीटर केले. कसलेल्या माणसांसाठी शर्यत आखूड झाली. आमची पोरे मात्र टोप्या उलट्या घालून अख्खा पूल मागतात.

हा खेळ तिथे हौशी लोकांच्या जिवावर चालतो. शनिवार-रविवार नवरा, बायको, मुले, शेजारी सगळे गाडी घेऊन पट्टीवर जातात. बाप इंजिन खोलतो, आई वेळ लिहिते, मुलगी चालवते. १९९२ पासून तिथे लहान मुलांसाठी छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे, त्यांची पट्टी अर्ध्या लांबीची असते. आठवड्यातले पाच दिवस गॅरेजमध्ये आणि एक दिवस पट्टीवर, अशी ही हौस आहे. म्हणजे हिच्यात वेगापेक्षा मिस्त्रीकामच जास्त. आमच्या किती मुलांना हे काम येते! आयटीआय झालेली, न झालेली, गॅरेजमध्ये दहा वर्षे हात काळे केलेली ही मुले इंजिनाचा नुसता आवाज ऐकून रोग सांगतात. त्यांच्या या विद्येला आमच्या समाजातसुद्धा मान नाही. लग्नाच्या बैठकीत मुलगा गॅरेजमध्ये आहे म्हटले की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात.

याच हौशी शर्यतीतला एक नियम आम्हाला फार आवडला. तो आरक्षणविरोधकांनी तर मुद्दाम वाचावा. सगळ्यांच्या गाड्या सारख्या नसतात. कुणाची नवी, कुणाची वीस वर्षांची जुनी. मग शर्यत कशी लावायची? प्रत्येकाने आपली गाडी ते अंतर किती सेकंदांत कापते ते आधी जाहीर करायचे. एकाची बारा सेकंद, दुसऱ्याची पंधरा, तर पंधरावाल्याला तीन सेकंद आधी सोडतात. मग जिंकतो तो ज्याने आपली गाडी नीट जाणली आणि वेळेवर सोडली. यात 'मेरिट' बुडाले असे तिथे कुणी ओरडत नाही, उलट यामुळेच चालवण्याचे खरे कसब दिसते असे मानतात. आणि गंमत म्हणजे एखाद्याने आपली ताकद लपवून खोटी वेळ सांगितली, आणि गाडी जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचली, तर तो बाद. खोटे जातीचे दाखले काढून आमच्या राखीव जागा लाटणाऱ्यांना हा नियम लावला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील! अर्थात हा दाखला पुरता लागू पडत नाही हेही सांगितले पाहिजे. आमची गाडी कमजोर होती म्हणून आम्हाला आधी सोडले असे नव्हे. आम्हाला रस्त्यावर गाडी आणूच दिली नव्हती. आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा हक्क आहे, सवलतीचे सेकंद नव्हेत.

गाडी आणूच दिली नव्हती हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात जे प्रसंग नोंदवले आहेत त्यांतले किती प्रसंग वाहनाशी आणि प्रवासाशी निगडित आहेत ते पाहावे. १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा महारांची मुले म्हणून एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांच्या हाती बैलांचा कासरा आला तो हौस म्हणून नव्हे. पुढे १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब चाळीसगावला गेले. टांगेवाल्याने अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांनी मान राखायचा म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हते अशा आपल्याच माणसाला बसवले. पुलावर घोडा बुजला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, मुंबई विधिमंडळाचा सदस्य, आणि एक टांगा हाकणारा साधा माणूस त्याला आपल्याहून खालचा समजतो, हे बाबासाहेबांनीच तिथे लिहून ठेवले आहे.

तिसरा प्रसंग तर सहलीचाच आहे. १९३४ मध्ये चळवळीतले सुमारे तीस सहकारी मिळून वेरूळची लेणी पाहायला निघाले. मित्रमंडळींची मौजेची सहल, याहून जास्त काही नाही. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदात हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून जमाव चालून आला. मग किल्ला पाहू दिला तो हत्यारी शिपाई सोबत देऊन, कुठे पाण्याला हात लावू नयेत म्हणून. आज सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर जाणाऱ्या शेकडो ट्रेकिंग ग्रुपांना त्या सहलीची माहिती असते काय? त्या ग्रुपांत आमची मुले जातात, आणि मुक्कामाच्या रात्री शेकोटीभोवती गप्पा रंगल्या की आडनाव कधी आणि कसे विचारले जाते ते ज्याने अनुभवले आहे तोच जाणतो.

हे जुने झाले म्हणणाऱ्यांसाठी दोन अलीकडच्या गोष्टी. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो आणि त्यावर बसतो हे गावातल्यांना सहन झाले नाही, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन मुलाच्या हातांवर वार झाले. तुझ्या जातीने बुलेट चालवायची नाही असे म्हणत हल्ला झाला, असे त्याच्या बाजूने सांगितले गेले. वार हातांवर झाले, कारण हँडल हातांत असते. तेव्हा आमच्या मुलाला गाडीचे वेड आहे म्हणून जे नाके मुरडतात त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की त्याच्यासाठी ती नुसती गाडी नसते. मान ताठ ठेवून गावातून जाण्याचे ते साधन असते.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते. गांधीवादाची चिकित्सा करताना १९४५ च्या ग्रंथात त्यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही. यंत्र नको म्हणणे म्हणजे कष्टकऱ्याला जनावराच्या पातळीवर ठेवणे, असा त्या मांडणीचा आशय आहे. फुरसत हा त्यांनी चैनीचा विषय मानला नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते. आमच्या चळवळीने मात्र फुरसतीचा विचार फारसा केला नाही. सभा, मोर्चा, जयंती, वर्षावास यांच्या मधल्या वेळात तरुणाने काय करावे याचे उत्तर आम्ही दिले नाही. ते दिले मोटारसायकलच्या जाहिरातींनी.

जोखमीचे म्हणाल तर आमचा समाज जोखीम आजवर घेतच आला आहे, फक्त तिच्यात आनंद कधी नव्हता. लोकसभेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली. २०१३ चा कायदा असताना मेली. हौशी गिर्यारोहक कड्यावरून दोराने उतरतो तेव्हा कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट, दोन दोर, आणि दोर सांभाळणारा वर वेगळा माणूस असतो. हीच सगळी सामग्री गटारात उतरणाऱ्याला द्यायची म्हटले की महापालिकांच्या ठेकेदारांना ती महाग वाटते. तसेच वेगाचे. २०२१ पासून दहा मिनिटांत किराणा घरपोच देण्याच्या जाहिराती झळकू लागल्या. ती दहा मिनिटे कोण धावले? दिवसभर दुसऱ्यासाठी घड्याळाशी शर्यत लावणारा पोरगा रात्री मित्रांसोबत स्वतःसाठी शर्यत लावतो तेव्हाच तो समाजाला हुल्लडबाज का दिसतो, हे आम्हाला उमगत नाही.

साहसाला नीट घडवले तर काय होते याचे उदाहरण आमच्या शेजारच्याच राज्यात आहे. २५ मे २०१४ रोजी मालावत पूर्णा ही तेरा वर्षे अकरा महिन्यांची आदिवासी मुलगी आणि तिच्यासोबत साधनापल्ली आनंद कुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. त्या शाळांचे सचिव प्रवीण कुमार यांनी खाण्यापिण्यापासून प्रशिक्षणापर्यंत सगळी व्यवस्था उभी केली. आधी भोंगीरचा कातळ, मग दार्जिलिंग, मग हिवाळ्यातले लडाख, आणि त्यानंतर एव्हरेस्ट. नेपाळ सोळा वर्षांखालच्यांना चढू देत नाही म्हणून तिबेटच्या बाजूने, जी बाजू अवघड समजली जाते. माथ्यावर या मुलांनी तिरंग्यासोबत बाबासाहेबांची तसबीर धरली. पूर्णाने पुढे २०२२ मध्ये सातही खंडांची सर्वोच्च शिखरे पूर्ण केली. आपल्याकडेही मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी राज्य सरकारच्या 'मिशन शौर्य' मोहिमेतून एव्हरेस्ट चढले. या मुलांच्या जिवाला धोका नव्हता काय? होता. पण त्यांच्यामागे दोर धरणारी माणसे होती.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा मोटारशर्यतीतला इतिहासही आमच्या तरुणांनी वाचावा. १९७२ मध्ये पँथर हे नाव आम्ही तिथूनच घेतले होते. व्हर्जिनियातला वेंडेल स्कॉट हा युद्धात लष्करी मेकॅनिक राहिलेला गृहस्थ जुन्या गाड्या विकत घेऊन स्वतः दुरुस्त करी आणि शर्यतीत उतरे. त्याची शर्यत वळणाच्या ट्रॅकवरची, ड्रॅगची नव्हे. त्याची मुलेच त्याचे मिस्त्री, सगळे कुटुंब गाडीभोवती. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला तो जिंकला, पण विजेता म्हणून गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यालाच दिला. काही तासांनी, लोक पांगल्यावर, मोजणीत चूक झाली असे सांगितले गेले. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्याच्या कुटुंबाच्या हाती मानाचा करंडक आला तो त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. ड्रॅग रेसिंगच्या सर्वात वरच्या वर्गात अँट्रॉन ब्राऊन हा पहिला आफ्रिकन-अमेरिकन अजिंक्यवीर झाला तो २०१२ मध्ये. तोवर या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेला एकसष्ट वर्षे झाली होती.

आता आपल्या सरकारचे पाहा. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली तेव्हा सगळे पक्ष एक झाले, २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, नियम झाले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली. मे २०२३ मध्ये घटनापीठानेही तो कायदा उचलून धरला. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, थरावरून पडून मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदत जाहीर झाली आणि गोविंदांना सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के कोट्याचा लाभ देऊ असेही सांगितले गेले. थरात खाली कोण उभा असतो आणि वरून कोण पडतो हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून मदतीला आमचा विरोध नाही. पण आरक्षणाने गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यांची तोंडे त्या दिवशी कशी बंद राहिली, याची नोंद आम्ही करून ठेवली आहे. सणाला आणि परंपरेला जोडलेला धोका तेवढा साहस ठरतो. गॅरेजमधल्या पोराचा धोका कलम १८९ मध्ये जातो.

पट्ट्या नाहीत असे नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या खाजगी धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पण त्या झाल्या गेटच्या आत. ग्रेटर नोएडाला बहनजी मायावती मुख्यमंत्री असताना ऑक्टोबर २०११ मध्ये मोटारशर्यतीचे जागतिक दर्जाचे सर्किट सुरू झाले. त्याला तथागतांचे नाव आहे, जिल्ह्यालाही आहे. पहिल्या शर्यतीचा करंडक बहनजींच्या हस्ते दिला गेला, ते चित्र पाहून आमचाही ऊर भरून आला होता. पण फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती होऊन तो तमाशा २०१३ नंतर थांबला. बुद्धाच्या नावाच्या त्या डांबरावर शेजारच्या वस्तीतल्या मुलाने आपली जुनी गाडी घेऊन रविवारी जावे आणि शंभर-दोनशे रुपयांत दोनदा धावून यावे अशी सोय व्हायला हवी होती.

आमची मागणी अवाढव्य नाही. प्रत्येक जिल्ह्यात एमआयडीसीचे रुंद रस्ते सुट्टीच्या दिवशी ओस पडलेले असतात. महिन्यातून एक रविवार, पोलीस बंदोबस्तात, एक रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करून, दोनशे मीटरची पट्टी आणि थांबायला पुढे पाचशे मीटर मोकळे. रुग्णवाहिका उभी. आयटीआयच्या निदेशकांनी गाड्या तपासाव्यात, ब्रेक नसलेली गाडी परत पाठवावी. हेल्मेट आणि परवाना नसेल तर प्रवेश नाही. मोटारस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाचे नियम आहेतच, ते लावावेत. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले, त्यात पैसेवाल्यांच्या हौसेची काळजी पुष्कळ आहे. त्याच खात्याने समाजकल्याण वसतिगृहांतल्या मुलामुलींना वर्षातून एकदा सह्याद्रीत न्यावे, दोर बांधायला शिकवावे. मुलींना मुद्दाम न्यावे. पूर्णा मुलगी होती.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. ते कुणाला कडू लागले तरी चालतील. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी जे होते ते आम्ही सगळे पाहतो. निळे झेंडे लावलेल्या गाड्या, सायलेन्सर काढलेले, एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेटऐवजी निळा फेटा, आणि उड्डाणपुलावर पोचल्यावर मागचा-पुढचा विचार न करता शर्यत. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या वाटेवरही असेच टोळके दिसते. ज्या महापुरुषाचा पाय नवख्या हाताच्या टांग्यामुळे मोडला, त्याच्या जयंतीला नवख्या हातांत गाड्या देऊन आम्ही आमच्या पोरांचे पाय मोडून घेतो. रॅली काढू नये असे आम्ही म्हणत नाही. रॅली हा रस्त्यावरचा आमचा हक्क आहे आणि तो कुणी मेहेरबानीने दिलेला नाही. पण ती रॅली मिरवणुकीच्या वेगाने निघावी. पुढे स्वयंसेवक असावेत, मागे एक रुग्णवाहिका असावी, अठराच्या खालचा कुणी हँडलवर नसावा. पोलिसांनी सांगण्याआधी हे मंडळाने ठरवावे. समता सैनिक दलाची परंपरा सांगणाऱ्यांना शिस्त शिकवायची गरज पडू नये.

जयंतीच्या बैठका फेब्रुवारीतच सुरू होतात. डीजेच्या एका रात्रीचे भाडे किती हे प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराला तोंडपाठ असते. आयएसआय शिक्क्याचे साधे हेल्मेट हजार-बाराशेला मिळते. या वर्षीचे पावतीपुस्तक छापायला टाकण्याआधी खजिनदाराने तो भागाकार कागदावर करून बैठकीत मांडावा आणि वस्तीतल्या किती पोरांकडे गाडी आहे पण हेल्मेट नाही, त्यांची नावे त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावीत.